पारबता, तुहं साल पुरं झालं नव्हतं

पारबता,

साल मोडून गेली तू. दुसऱ्या कोणत्या गड्यानं असं केलं असतं, त मी त्याले पुन्हा वावराच्या धुऱ्यावर पाय ठेवू देल्ला नसता. पाडवा समोर दिसून राह्यला होता, जंगलात मोहाची फुलं पडाले लागली होती, अन् तू मधातूनच उठून गेली. वरून लोकं मलेच समजावतेत, "भाऊ, जाणारं माणूस कोणाले इचारून जाते का?" जात नसन दुसरं कोणी. पण साऱ्या जिंदगीत तू मले एकच गोष्ट डोक्यावर हाणून हाणून शिकवली का इचारल्याबिगर काई होत नाई. मंग हेच काऊन बिनइचारता केलं?

मैना म्हणे, "आजा, तू सांग, मी लिहून देईन." मी म्हणलं, काई गरज नाई. दुसरीपर्यंत शाळा झाली माही. काना-मात्रा चुकन त चुकन, तुले कुठी वाचता येत होतं! तुह्यासंग भांडण माहं हाय, ते मीच लिहीन. नातिनीच्या हातानं भांडाले मी अजून एवढा थकलो नाई.

सालाचं तुले काय सांगाव, पण दुसऱ्या कोणाच्या हातात हे पडलं त त्याले समजाव म्हणून लिहितो. आमच्या मुलखात सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत रायते. पाडव्याच्या दिवशी त्याचं साल सुटते. मालकानं इचारलं अन् गड्यानं हो म्हणलं, त नवं साल लागते. नाईत त्या दिवशी दुसरा कोणी भी त्याले इचारू शकते. हे झालं नांगर-वखराच्या गड्याचं. पण लेकरं सांभाळणारी बाई सालावर रायते, हे माह्या घराच्या आधी कोणी आयकलं होतं? सावली गावच्या बाजारात लोकं मले थांबवत. "काहो भाऊ, नातवंडं वखराले जुपली म्हणतेत?" अन् हसत. मी दोन शिव्या देऊन पुढं जात होतो. त्या शिव्या खरं त तुह्या वाट्याच्या होत्या.

बाई भेटत नाई म्हणतेत लोकं. खोटं हाय. बाई भेटते, टिकत नाई. सून बाळंतपणात गेली तवा मैना पाळण्यात होती अन् तिचा मोठा भाऊ बाबू भितीले धरून चाले. माही घरवाली त त्याच्या आधीच गेली होती. पोरगा तिकडं आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोवर, सणासुदीले येणार, लेकराईकडं पाहून रडणार अन् परत जाणार. मी पह्यली बाई ठेवली ते शेजारच्या गावची म्हातारी. मोठं नाव होतं तिचं, इच्यापाशी लेकरू रडत नाई म्हणून. कसं रडन? अफू चाटवे अन् सोता घोरे. मैना एक दिवस दुपारपासून दिवाबत्तीपर्यंत हाललीच नाई, तवा मले समजलं. काठी घेऊन गेलो होतो तिच्या मागं. दुसरी चिमूरकडची, जवान. तिचा हात चांगला होता, पण हिवाळ्यात वडश्याकडून नाटकवाले आले अन् ते तबलजीसंग गेली. तिसरी माही सक्खी बहीण. तिनं लेकरं सांभाळली कमी अन् उपकार सांगतले जास्त. पोरं तिले पाहून कणगीमागं लपत.

मंग धानाच्या रोवण्याचे दिवस आले. मी मैनेले काखेत मारून धुऱ्यावर उभा, एका हातात छत्री, अन् पोरगी गळा फाडून रडून राह्यली. नदीपल्याडच्या बाया आल्या होत्या रोवाले, त्याच्यात तू. कंबर वर केली अन् साऱ्याईसमोर म्हणलं, "भाऊ, लेकरू हाय ते, धानाचा भारा नोहे. असं धरतेत का?"

बाया हसल्या. मले राग आला. "तुले येते त तू धर!"

चिखलाचे हात तू लुगड्याले पुसले अन् धरलं. गोष्टीत सांगतेत तसं काई झालं नाई. मैना चूप झाली नाई, उलट जोरात रडाले लागली. आतापर्यंतच्या साऱ्या जणी तिले चूप कराले पाह्यत, कोणी खुळखुळा वाजवे, कोणी हिरीत टाकीन म्हणे. तू तशीच उभी राह्यली, पोटऱ्याभर चिखलात, अन् म्हणलं, "रडू द्या. माय मेली तिची. रडन नाई त काय करन?"

सुनेले जाऊन महिने झाले होते. माह्या घरात तवापर्यंत हे कोणीच म्हणलं नव्हतं. मी भी नाई.

रोवणा सरला तवा मी तुले बोलावलं. "राय लेकराईपाशी."

"कोणत्या नात्यानं?"

"नातं घेऊन काय करतं? खाऊनपिऊन, लुगडं-चोळी. घरच्यावानी राय."

"घरच्यावानी नाई राहाचं मले," तू म्हणलं. "घरच्यावानी रायलेली बाई ना घरची होत, ना बाहेरची. सालावर ठेवा. आता पाडव्यापर्यंत राईन. पाडव्याले ओट्यावर बशीन. ठेवायचं असन त चार लोकाईसमोर इचारा."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. घरात जागा देऊन राह्यलो, लेकरं हवाली करून राह्यलो, अन् हे चिखलातून निंगालेली बाई मले कायदा सांगून राह्यली! पण तवाच मैना तुह्या खांद्यावर झोपली होती. बिनअफूची. मी म्हणलं, बरं.

मले वाटलं होतं का एकदा घरात रुळली का विसरन. पह्यला पाडवा आला. मी आंघोळ करून बाहेर येतो त काय, पोरं न्हाऊन तेल लावून तयार, पाण्याचे गुंड भरलेले, अन् तू गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. रस्त्यानं जाणारी लोकं थांबलेली. 

"हे काय होय?"

"साल सुटलं, भाऊ."

"मंग?"

"मंग काय. कोणी इचारलं त जाईन."

लोकं दात काढून राह्यले होते. मी दात खाऊन इचारलं, "पारबता, रायतं का?" अन् तू सरळ हो म्हणशीन त पारबता कशाची! "माही एक अट हाय," म्हणे. मले वाटलं लुगडं एखादं जास्त मागन. त तू म्हणलं, "पोराईले हात लावायचा नाई. मारायचं असन त मले सांगायचं, माराव का नाई ते मी पाहीन."

माहीच नातवंडं! माह्याच ओट्यावर! अन् साऱ्या गावासमोर मले हो म्हणाव लागलं. त्या दिवशीपासून दरसाल तेच. सोतासाठी तू कधी काई मागतलं नाई, हे मले तवा दिसलं नाई, रागच एवढा येत होता. एका पाडव्याले म्हणे, बाबूले मोहाची दारू गाळतेत तिथी न्यायचं नाई. एका साली म्हणे, पोरं मले माय म्हणतेत त त्याईले टोकायचं नाई, अन् तुमच्या सुनेच्या माहेरच्याईनं टोकलं त त्याईले तुमी उत्तर द्यायचं. देल्लं मी उत्तर. इवायासंग बोलणं बंद झालं, ते अजून बंदच हाय.

एक डाव मी इचारलं, हे दरसालचं नाटक कायले? दारात बसून माही इज्जत काढतं. तू चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. मान वर न करता म्हणलं, "भाऊ, तुमाले बायको नाई, मले नवरा नाई. ओट्यावर इचारलं त ते साल होते. घरात इचारलं त गाव त्याले दुसरं नाव देते."

मंग मी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ओरडलो.

पण मी भी मी हावो. दुसऱ्या दिवशी म्हणलं, "ठीक हाय. ओट्यावरच इचारीन, पण एकदाच. जलमभरासाठी."

"जलमभरासाठी बैल घेतेत, भाऊ. माणूस सालानंच रायते."

हे भांडण आपलं सरलंच नाई. दरसाल मी म्हणो जलमभर, दरसाल तू म्हणे साल. बैल तरी विकल्यावर मागं पाहून हंबरते, असं भी मी तुले एकदा बोललो. तू हसली. तुह्या नवऱ्याचं काय झालं, तुले लेकरू होतं का नव्हतं, ते तू सांगतलं नाई अन् मी इचारलं नाई. आता कोणाले इचारू?

अन् तो वडश्याचा गिरणीवाला! त्याचं नाव काढलं का आज भी माहं डोकं फिरते. त्याच्या घरी लेकरू झालं होतं, अन् कोणीतरी त्याच्या कानात सांगतलं का अमुक गावात एक बाई हाय, पाडव्याले ओट्यावर मोकळी बसते. त्याच्या आदल्या दिवशीच आपलं वाजलं होतं. तुही अट मले आधीच समजली होती, का मैनेले शाळेत घाला. मी म्हणलं, "पोरगी शिकून काय मामलेदार होणार हाय?" तू म्हणलं, "काय व्हायचं ते तिचं तिले पाहू द्या." मी ठरवलं, औंदा इचारतच नाई. पाहू कुठी जाते.

सकाळी तू बसली. मी आत खाटेवर. ऊन ओट्यावर चढलं, बाबू दारात येरझारा मारून राह्यला, मी उठलो नाई. इतक्यात घुंगराचा छकडा दारात थांबला. आतून मले सारं आयकू येत होतं.

"बाई, मोकळी हायेस का?"

"बसली त हावो."

"चल मंग माह्या घरी. पक्कं घर हाय. चुलीसाठी येगळी बाई हाय, तू फक्त लेकराले पाह्यजो. उन्हातान्हात बसवणाऱ्या मालकाघरी कायले रायतं?"

गाव गोळा झालं होतं. कोणी म्हणे, "जाय पारबता, नशीब उघडलं." अन् तू काय म्हणलं? तुहे शब्द मले आज भी पाठ हायेत.

"थांबा जरा, शेठ. भाऊनं अजून नाई म्हणलं नाई."

तो हसला. "त्याईनं हो भी नाई म्हणलं ना!"

"नाई म्हणलं का येईन. तवरक तुमचे बैल सावलीत बांधा. त्याईले ऊन लागून राह्यलं."

मी उठलो. अनवाणीच बाहेर आलो. त्या गिरणीवाल्याकडं पाह्यलं नाई, तुह्याकडं भी नाई, समोरच्या कडुनिंबाकडं पाहून इचारलं, "पारबता, रायतं का?"

"मैनेची शाळा?"

"घालतो!"

"जोरात बोला. मागच्याईले आयकू गेलं नाई."

मागचे खदखदा हसले. मी ओरडलो, "घालतो म्हणलं ना!" तू गाठोडं उचललं अन् आत गेली. गिरणीवाल्याले मी पाणी भी इचारलं नाई. तूच आतून गडूभर पाठवलं. माह्या दुश्मनाले माह्याच घरचं पाणी!

आता मैना सावलीच्या शाळेत जाते. मास्तर म्हणे, पोरगी हुशार हाय. मी म्हणलं, आमच्या घरी ते सालावर ठरलेलं हाय.

अन् आता औंदाचं. माघात तुले खोकला धरला, मंग ताप. सावलीचा डाक्टर म्हणे पडून राहा. तू पडून रायलेली मले पाहवत नव्हतं, म्हणून मी दिवसभर वसावसा करो. त्याच्यात धान घेऊन मले वडश्याले जाव लागलं. परत येतो त घर खाली. तुह्या भावाचा पोरगा गोमा छकडा घेऊन आला अन् आत्याले घेऊन गेला म्हणे. आपल्या माणसात राहू दे म्हणे. आपल्या माणसात! मंग आमी कोण, कणगीतले उंदीर?

गोम्याचा राग नाई मले. तो अडाणी हाय. राग तुहा हाय. तू त्या छकड्यात बसली कशी? मैना म्हणे, "माय जाताना म्हणे, आजाले सांगजो, पाडव्याले येईन."

बस. तेवढंच. मी म्हणलं, ठीक हाय, बोलली त येईन. तुहा शब्द कधी पडला नव्हता. मी तीच चूक केली. तुले घ्याले लगेच निंगायच्या जागी पाडव्याची वाट पाहत बसलो. अन् एक दिवस सांगावा आला.

दोघाई पोराईले घेऊन नदी उतरून गोम्याच्या घरी आलो तवा अंगणात बांबू कापून राह्यले होते. तुले भितीले टेकवून बसवलं होतं, कपाळाले कुकू नाई, हळद लावलेली. गोमा आला, हात जोडले. "मालक, आले ते बरं झालं. तिकडं बसा, चटईवर." तिकडं म्हणजे बाहेरच्या लोकाईत. मैना पाण्याची वाटी घेऊन तुह्या तोंडाशी गेली त बायाईनं तिचा हात धरला. "परक्याचं पाणी नाई लागत, बाई." बाबू म्हणे, मडकं मी धरीन. गोमा म्हणे, "ते रक्ताच्या माणसाचं काम हाय."

पोरगं माह्या तोंडाकडं पाह्यत होतं. मिसरूड फुटून राह्यली त्याले, पण तोंड कसं, त पाळण्यातल्या मैनेसारखं झालं होतं. मी उठलो. म्हणलं, परका कोण हाय इथी?

गावातला एक म्हातारा होता, साऱ्याईत वयानं मोठा, त्याचं सारे आयकत. तो शांतपणानं म्हणे, "भाऊ, रागावू नका. तुमचं अन् हिचं नातं काय, तेवढं सांगा."

पारबता, काय सांगू? बहीण? बहीण नव्हती. बायको नव्हती. पोराईची माय म्हणाव, त माय माह्या सुनेले म्हणतेत. घरच्यावानी म्हणाव, त ते तूच कधी म्हणू देल्लं नाई. अन् मंग माह्या तोंडातून, ज्या गोष्टीसाठी मी तुह्यासंग जलमभर भांडलो, तेच निंगालं.

"साल सुटलं नाई अजून."

"काय?"

"सालावर हाय ते माह्या घरी. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पाडवा यायचा हाय."

म्हाताऱ्यानं इचारलं, "बाईमाणूस सालावर? ठरलं कोणासमोर?"

"ओट्यावर. साऱ्या गावासमोर. दरसाल."

रोवण्याले येणाऱ्या दोघी-तिघी तिथी होत्या. त्या बोलल्या, "खरं हाय बाबा. आमी पाह्यलं. पाडव्याले गाठोडं घेऊन बसे, अन् ह्याईनं इचारल्याबिगर उठत नाई."

म्हाताऱ्यानं बिडी इझवली. मंग गोम्याले म्हणे, "गोमा, सालात मेलेला गडी मालकाच्या घरून जाते. असंच चालत आलं हाय. माणूस तुहं हाय, पण पाडव्यापर्यंत इचं घर ते हाय. पोराले मडकं धरू दे."

गोमा म्हणे, "बरं. पण पाडव्यानंतर आत्या आमची, तिचं पितरपाणी आमच्या घरी."

"हो," मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार! मैनेनं पाणी पाजलं. बाबूनं मडकं धरलं, नदीपर्यंत. माहा खांदा होता मागून, डाव्या बाजूनं. तू लय हलकी झाली होती.

परत येताना डोंग्यात बसलो तवा मले तुहा असा राग आला का काय सांगू. दरसाल मी समजत होतो का तू ओट्यावर बसून माहं नाक कापतं. अन् तिथी, परक्या अंगणात, तेवढंच एक माह्या हातात रायलं. जलमभरासाठी घेतलं असतं, घरातल्या घरात, कोणाले न इचारता, त मी चटईवर बसून आलो असतो. तू जितली. मेल्यावर भी जितली. जितलेल्या माणसासंग भांडता भी येत नाई, कारण ते समोर नाई. हे बराबर नाई, पारबता.

उद्या पाडवा. उद्या तुहं साल सुटते. गोम्यानं म्हटलं तसं, उद्यापासून तू त्याईची. मी शब्द देल्ला हाय, मी मोडणार नाई. मोडायची सवय तुमच्या घरची. बाबू सकाळपासून इचारून राह्यला, "आजा, उद्या ओट्यावर कोण बसन?" मैनेनं सारवून ठेवला ओटा. कोणी सांगतलं नव्हतं तिले.

मी बशीन. न्हाऊन, धोतराच्या दोन जोड्या गाठोड्यात बांधून, तू बसे तिथीच. हसू दे गावाले. तू पाडव्याले येईन म्हणली हायेस, त तू ये अन् औंदा तू इचार. मी इचारून इचारून थकलो. घाई नाई. मैनेची शाळा तूच लावून गेली, ते पुरी कराव लागन. औंदा नाई जमलं त पुढच्या पाडव्याले ये, त्याच्या पुढच्या. मी दरसाल बशीन. दुसऱ्या कोणी इचारलं त त्याले सांगीन, थांबा जरा, पारबतानं अजून नाई म्हणलं नाई.

पण माही भी एक अट हाय. आताच सांगून ठेवतो, मागून तक्रार नको. सालावर राहणार नाई मी.